भटकणारी रेघ

जूनमध्ये बिश्केकभर पॉपलरच्या झाडांचा कापूस तरंगतो. त्या दिवशी तो प्रयोगशाळेच्या खिडकीतूनही आत येत होता, आणि आधीच उडालेली झोप, त्यात ही पांढरी धूसर हवा, मला सगळं स्वप्नात चालल्यासारखं वाटत होतं. दुपारी डीन सारिबायेव येऊन ठरवणार होते, की विद्युत अभियांत्रिकीच्या मुलांना मी शिकवते तो केऑसचा, म्हणजे कुठेही बिघाड नसताना अंदाज न येणाऱ्या हालचालींचा, विषय ठेवायचा की बंद करायचा.

दाखवायला माझ्याकडे एकच गोष्ट होती. एक वेटोळं, दोन कपॅसिटर आणि थोडं किडूकमिडूक. ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर त्याची हिरवी रेघ दोन पाकळ्यांत फिरते, कधी या, कधी त्या, आणि गेल्या वाटेने पुन्हा जात नाही. मी ती तासन्‌तास बघत बसते.

डीन आले, मुलं दाटीने उभी राहिली, मी बटण दाबलं. पडद्यावर एक गोल, गुळगुळीत कडं उमटलं.

मागे तोक्तोसुन बाइके समाधानाने हसले. आमचे तंत्रज्ञ, तीस वर्षं वीजकेंद्रात काढलेले; वडीलधाऱ्यांना इथे आदराने 'बाइके' म्हणतात. "काल संध्याकाळी रेघ भटकत होती," ते म्हणाले. "एक रोध जास्तीचा जोडला. बघ पोरी, कशी गुणी झाली."

मुलं खुसखुसली. मला रडूच कोसळणार होतं. पण रागवायचं कुणावर? त्यांनी माझी लाज राखायलाच ते केलं होतं.

"बाइके, तो रोध काढा. ती बिघडलेली नव्हती. ती तशीच असते."

त्यांनी कुरकुरत काढला. रेघ सुटली आणि फिरू लागली. बाइके वाकून बघत राहिले.

"यात एकही जोड सैल नाही?"

"एकही नाही."

अभियंत्याला याचा उपयोग काय, असं डीननी विचारलं. मी तोंड उघडण्याआधी बाइकेच बोलले, पडद्यावरून नजर न काढता.

"एका हिवाळ्यात आमच्या केंद्रात मीटरची सुई अशीच भटकली. आठवडाभर मी एकेक जोड तपासला. सगळं ठीक. शेवटी मुख्य अभियंत्याने लिहून दिलं, हा पिऊन कामावर होता." त्यांचं बोट रेघेमागून फिरत होतं. "मी पीत नाही. पण बायकोलाही ते खरं वाटलं."

डीन दाराकडे वळले. जाताना म्हणाले, विषय राहू दे.

मुलंही पांगली. मी चहा आणला तरी बाइके स्टुलावरून हलले नव्हते, खांद्यावर कापूस साचला होता.

"हे उद्यापर्यंत चालू ठेवशील?" त्यांनी विचारलं. "बायकोला घेऊन येतो."