बारा वाजून दहा मिनिटं

वऱ्हाडातलं लगन पत्रिकेत साडेअकराचं असतं आणि लागतं तीनला, हे काही कोणाला सांगायला नको. नवरदेव घोड्यावर, दोस्त डीजेपुढे, आणि मांडवात पाचशे माणसं पोटात कावळे कोकलत बसलेली. अमरावतीचे जानराव एसटीत कंट्रोलर होते. रिटायर झाले तरी हातातलं घड्याळ काही रिटायर झालं नाही. त्यांनी समाजाची समिती काढली आणि नियम केला एकच: पत्रिकेतल्या वेळेला मंगलाष्टकं सुरू, कोणासाठीही थांबायचं नाही, मग आमदार असो की मामा.

लोक आधी हसले, मग सुधारले. खोटं कशाला बोला, चाळीस लग्नं ठोक्याला लागली. शुगरवाली म्हातारी माणसं एकच्या आत जेवून घरी जाऊ लागली आणि जानरावांना तोंडभर आशीर्वाद देऊ लागली.

फक्त एका लग्नाला गालबोट लागलं. समितीचे सचिव किसनराव, त्यांच्याच लेकीचं, करिश्माचं लगन. नवरीला मांडवात आणायचं मामानं आणि मंगलाष्टकं होईस्तोवर तिच्या पाठीशी उभंही मामानंच राहायचं. तिचा मामा देवानंद, त्याची गाडी नांदगाव पेठेजवळ पंक्चर झाली. जानरावांना फोन करून सात मिनिटं मागितली होती बिचाऱ्यानं. किसनरावांनी भर मांडवात हात जोडले.

"आज सात देली तर उद्या लोक सत्तर मांगतीन," जानराव म्हणाले. "आपुन एका लगनाचं पाहून नाई राहिलो, किसनराव. साऱ्या लगनाईचं पाहून राहिलो."

देवानंद आला तेव्हा अक्षता पडत होत्या. त्यानं भाचीचं लगन चपलांच्या ढिगाजवळून पाहिलं. किसनराव वर्षभर त्यावर एक अक्षर बोलले नाहीत, आणि समितीचं कामही त्यांनी सोडलं नाही.

आणि आता अपेक्षाचं लगन, अकोल्याला, बारा वाजून दहा मिनिटांनी. अपेक्षा म्हणजे जानरावांच्या बहिणीची, सुभद्राची एकुलती एक. बाप गेला तेव्हा पोर तीन वर्षांची होती. तिला सायकल शिकवली मामानं, कॉलेजात घातली मामानं. तिच्या पाठीशी उभं राहायचा दिवस जानराव तेव्हापासून मनात धरून होते.

पण त्याच सकाळी मूर्तिजापूरला समाजातलं आणखी एक लगन होतं, साडेदहाचं, आणि त्या घरची मंडळी ढिलाईत नावाजलेली. सुभद्रानं भावाला बजावलं की आज तरी तिकडे जाऊ नका. घरचंच लगन तेवढं वेळेवर लावलं तर अध्यक्ष कशाचा, असं म्हणून जानराव गेलेच. तिथं डीजेची वायर स्वतःच्या हातानं उपटली, वीस मिनिटं उशिरानं का होईना लगन लावलं, आणि फुशारकीनं गाडीत बसले.

अकोल्यात शिरताना रस्ता बंद. भलत्याच कोण्या समाजाची वरात, रस्ताभर पोरं नाचताहेत, आणि त्यांना जानरावांची समिती काय माहीत! जानराव उतरून पायी निघाले. एका फेटेवाल्यानं त्यांना पाहुणा समजून हात धरला आणि दोन गिरक्या घ्यायला लावल्या.

बाराला दोन मिनिटं कमी असताना त्यांनी किसनरावांना फोन केला. बोलायच्या आधी मनात सगळं जुळवलं होतं. मामा लग्नात एकच असतो, म्हणजे सूट एकालाच. जेवण तर अजून निघालंही नसेल. पंधरावीस मिनिटांनी कोणाचं काय बिघडतं? हेच सगळं देवानंद मागच्या वर्षी फोनवर बोलला होता, आणि ते त्यांना बोलता बोलता आठवलं.

"किसनराव, नियमात एक दुरुस्ती करू. मामासाठी वीस मिनिटं सूट."

"करू ना, तुमी अध्यक्ष," किसनराव शांतपणे म्हणाले. "फक्त लिहून घेतो. हे दुरुस्ती आजपासून लागू, का मांगच्या वर्षीपासून?"

आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर जानरावांना बरं वाटलं असतं, भांडता तरी आलं असतं. एक शब्द टाकला तर अख्खा मांडव थांबेल आणि कोणी हूं की चूं करणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तो शब्द जिभेवर आलाही.

"बारा दहाला सुरू करा," ते म्हणाले. आणि धावले. गुडघे कुरकुरत होते, आणि तोंडानं ते स्वतःलाच शिव्या देत होते.

दारात पोचले तेव्हा शेवटचं मंगलाष्टक चालू होतं. गर्दी इतकी की पुढं पाऊल टाकायला जागा नाही. नवरीच्या पाठीशी कोणी नव्हतं. चपलांजवळ देवानंद उभा होता, यंदा वेळेवर येऊनही. त्यानं सरकून जागा केली आणि स्वतःच्या अक्षतांतल्या निम्म्या जानरावांच्या हातावर ठेवल्या.

"या, जानराव. इथून पोरीचं तोंड दिसत नाई," तो हळूच म्हणाला. "पन थांबा जरासे. मामा आला का म्हनून मांग पायते, तवा दिसते."

अपेक्षानं मागं पाहिलं. तिची नजर पाठीमागच्या मोकळ्या जागेवरून फिरली, दारापर्यंत काही आली नाही.

अक्षता पडल्या. किसनरावांनी माइकवरून सांगितलं की समितीचं हे एक्केचाळिसावं लगन वेळेवर लागलं, आणि मांडवानं टाळ्या वाजवल्या. जानरावांना वाजवता आल्या नाहीत, त्यांच्या मुठीत अक्षता तशाच होत्या.