लिंबूटिंबूवर राज्य

आमच्या लाँड्रीच्या गच्चीवर संध्याकाळी जे दिसतं ते खरं वाटत नाही. हॉटेलांच्या पांढऱ्या चादरी ओळीनं वाळत असतात. वारा आला की सगळ्या एकदम फुगतात आणि गच्चीच जागची सुटून कुठेतरी निघाल्यासारखी वाटते. त्या चादरींत मुलं लपाछपी खेळतात. माझी ठकी आणि जावेची तिघं.

ठकी सातव्या महिन्यातच जन्मली, एवढीशी. तेव्हापासून घरात ती लिंबूटिंबू. खेळायचं सगळ्यांबरोबर, पण राज्य घ्यायचं नाही. पडली की आम्ही फरशीला चापट मारायची, हरली की डाव पुन्हा मांडायचा. तिच्या बाबांचं तर विचारूच नका, पोर म्हणजे तळहातावरचा फोड! आणि मी तरी काय, त्यातलीच.

परवा ती शेजारच्या मुलींत खेळायला गेली. पहिल्याच डावात राज्य आलं, तशी रडत घरी. "त्या वाईट आहेत," म्हणाली आणि पुन्हा गेलीच नाही. आठ वर्षांची झाली, जग हिला थोडंच लिंबूटिंबू म्हणणार आहे!

म्हणून काल मीच जाहीर केलं, "आजपासून ठकीवरही राज्य."

भिंतीकडे तोंड करून तिनं आकडे मोजले. शोधायला निघाली तर मागून पाठीत धप्पा! पुन्हा राज्य. पुन्हा धप्पा. शेवटी ती माझ्याकडे आली, ओठ थरथरत होते. मी चादरींच्या घड्या घालत होते.

"आई, तोंडानं नको सांगू. नुसतं डोळ्यांनी दाखव ना."

मला सगळं दिसत होतं हो! टाकीमागे पुतण्याचे पाय, चादरीखाली थोरल्या पुतणीची चप्पल. एका नजरेचं काम होतं.

"अगं, दाखव की! रडतेय बिचारी," जिन्यातून तिचे बाबा म्हणाले.

"तुम्ही खाली जा, इस्त्री तापलीय!" मी खेकसले आणि डोळे गच्च मिटून घेतले.

मग नुसता साबणाचा वास आणि चादरींची फडफड. वाटलं, गच्ची खरंच निघालीय, आम्ही सगळे तिच्यावर आहोत आणि ठकी एकटीच मागे राहिलीय. जीव नुसता तुटत होता. तिचा हुंदका ऐकला. मग पावलं वाजली. जिन्याकडे नाही, टाकीकडे.

"दादा इस्टॉप!"

"ए, काकूनं दाखवलं! रडीचा डाव!" पुतण्या उसळला.

मी डोळे उघडले. ठकीचं नाक वाहत होतं, पण कमरेवर हात ठेवून ती त्याच्यासमोर उभी होती.

"आईनं डोळे मिटले होते! माझं मी शोधलं!"

मी पदरानं तिचं नाक पुसायला गेले. तिनं माझा हात झटकला आणि उरलेल्यांना शोधायला चादरींत शिरली. हेच तर हवं होतं मला. तरी मेलं डोळ्यांतलं पाणी काही थांबेना.