चार टोचे

मी देवी टोचायचं नस्तर बोलतोय. दचकू नका, माझी धार कधीच गेली. शाळा मी पाहिली ती पोरं टोचण्यापुरती. पण दंडावर चार ठिपके असे काढायचो की मास्तरांनी बघत राहावं.

निजामाच्या अंमलात गावोगाव देवी टोचत फिरणाऱ्या राधाकिशनकडे मी होतो. तो टट्टूवर, मी त्याच्या डबीत. लिंबागणेशच्या बाजूला आम्ही आलो की पोरांआधी मिशीवाले बापे कडब्यामागं लपायचे. मला लई मजा यायची.

एका गावात आश्रुबा आणि सारजाबाई आपला बंकट घेऊन आले. पोरगं दीड वर्षाचं, दिसायला सहा महिन्यांचं. आश्रुबानं त्याला आधीच ज्वारीच्या काट्यात घालून जोखलं होतं.

"शेजारच्या पोराच्या निम्मंच भरलं, साहेब. तवा टोचे बी दोनच द्या."

"ही काय भाकर हाय, अर्ध्या पोटाला अर्धी?" राधाकिशन म्हणाला. "देवी काय तराजू घिऊन येती व्हय? लहानग्याला बी चारच."

"सोसंल का पण त्याला?" सारजाबाईनं विचारलं.

"अंग तापंल एखादा दिवस. पुसू नका, वाळू द्या."

मी चार टोचे दिले. बंकट रडला नाही. माझ्याकडे बघून हसला.

सारजाबाई त्याला घेऊन लिंबामागं गेली. दोनच टोचे पुसावेत, एवढंच तिच्या मनात होतं. पण ओला पदर चारींवरून फिरला. मी पाहिलं. सांगायला तोंड कुठून आणू?

आठव्या दिवशी राधाकिशन टोचणं लागलं का, फोड उठले का ते बघायला आला. बंकटचा दंड कोरा. राधाकिशन रागावेल म्हणून दोघांनी शेजारणीचं त्याच दिवशी टोचलेलं पोर कांबळ्यात गुंडाळून पुढं केलं. फोड चारी टपोरे.

"आठ दिवसांत लई भरलं की पोरगं," राधाकिशन खूश झाला. "आन तुमी काळजी करत होता."

सरकारी माणूस असा फसला की मला गुदगुल्या व्हायच्या. डबीत मीही हसलो. ते हसू अजून माझ्या अंगाला गंजासारखं चिकटलंय.

चैतात गावात देवी आल्या. शेजारणीचं पोर अंगणात खेळत राहिलं. बंकटच्या अंगावर देवी निघाल्या आणि नवव्या दिवशी तो गेला.

दोन वर्षांनी सारजाबाई पुन्हा आली. कडेवर मुलगी, तीही मुठीएवढी. आश्रुबा मागं उभा, खाली मान घालून.

"चारी टोचा," ती म्हणाली.

मग ती सावलीत बसून राहिली, लेकीचा दंड उघडा धरून. पदर तिनं कमरेला घट्ट खोचला होता.

आता मी एका ट्रंकेत पडून आहे. थट्टा करायला कुणी उरलं नाही. दुपारी झाकणाच्या फटीतून उजेड येतो आणि त्यात एक बारीक दंड पुढं होतो. कोरा. बंकट अजून दीड वर्षाचाच आहे. माझ्याकडे बघून हसतो. मी माझी धार चाचपतो, सापडत नाही.

तुमचं लेकरू लहानखुरं असेल तर टोचणाऱ्याला विचारा, दहादा विचारा. पण एकदा टोचलं की पदर आवरा.