विहिरीची आरास

अंतराच्या पायांना सोमवारपासून चैन नव्हती. अमेरिकेतल्या रेडमंडच्या त्या व्हिडिओ गेम कंपनीत सगळे खुर्चीत रेलून काम करायचे आणि ही बाई घडीघडी उठून खिडकीशी. तिनं स्क्रीनवर उभं केलेलं खेडं या आठवड्यात मंजूर व्हायचं होतं आणि त्यातली एक विहीर अडली होती.

खेडं इंग्लंडातलं. तसलं खेडं जवळून पाहिलेली कंपनीत ती एकटीच. वडील डर्बीशरमधल्या तीनशे उंबऱ्यांच्या गावात डॉक्टर होते, तिचं बालपण तिथलं. बाकीच्यांना हवं होतं गवताचं छप्पर, चहाची किटली, गुबगुबीत मांजर. दिलं तिनं तेही. पण त्या गावाचा जीव विहिरींच्या आराशीत. दर उन्हाळ्यात गावकरी मोठ्या फळीवर ओली माती थापतात, तीत फुलांच्या पाकळ्या एकेक दाबून चित्र भरतात आणि फळी विहिरीवर उभी करतात, पाण्याचे आभार म्हणून. पाकळ्या खालून वर लावायच्या, कौलांसारख्या, म्हणजे पाऊस निथळून जातो. अंतरानं हे सगळं जीव ओतून केलं होतं.

तिचा टीम लीड कुश, इथं अमेरिकेतच जन्मलेला मराठी मुलगा. स्क्रीन बघून तो हसला.

"इट्स ब्यूटिफुल, अंतरा. पण ही तर आपली फुलांची रांगोळी आहे यार! इंग्लिश व्हिलेजमध्ये कशी? रिमूव्ह कर."

"अरे, त्यांचीच आहे ही. पिढ्यानपिढ्या करतात."

"प्रूफ?"

अंतराचं डोकं सणकलं. आपल्याच गावाचा दाखला द्यायचा म्हणजे काय! तिनं फोनमधला जुना फोटो त्याच्यापुढे धरला. गावच्या हॉलमध्ये फळीभोवती बसलेल्या बायका आणि मधोमध, हातात पाकळी धरलेली, हिरव्या साडीतली तिची आई.

"ओह! म्हणजे काकूंनी शिकवलं त्यांना!" कुशचे डोळे चमकले. "मग ठेवू या. खाली लिहू, विनीता काकूंची रांगोळी. मार्केटिंगला जाम आवडेल."

तो मीटिंगला पळालासुद्धा. विहीर वाचली, पण खोट्या नावावर. घरी आल्यावर अंतरानं पर्सही खाली ठेवली नाही, ओट्याशी उभ्याउभ्याच कुशला खरमरीत मेसेज लिहायला घेतला. शेजारी आई मेथी निवडत होती. तिला सगळं ऐकवल्याशिवाय हिला राहवेना.

"ही चोरी झाली, आई! त्यांनी तुला आपल्यात घेतलं, शेजारी बसवून शिकवलं आणि आपण त्यांचंच..."

"कोणी शिकवलं?" विनीताबाईंनी मान वर केली नाही.

"फोटो आहे की."

"फोटो पेपरवाल्याचा. त्याला मधोमध साडी हवी होती. काढून झाला आणि शेजारच्या बाईनं पाकळी माझ्या हातातून परत घेतली. हसतच घेतली हो. मी आपली दरवर्षी मागच्या अंगणात त्यांची माती तुडवायचे, अनवाणी. पाकळीला हात लागला तो तेवढाच."

"कधी बोलली नाहीस."

"तू रमली होतीस तिथं. कशाला बोलू?"

ज्या गावासाठी अंतरा एवढी भांडत होती, ते तिचं होतं. आईचं ते कधी झालंच नव्हतं. अर्धवट मेसेजवर तिचा अंगठा नुसताच फिरत राहिला.

"मग काय करू? खरं कळवू त्याला?"

विनीताबाईंनी देठं गोळा करून बाजूला सारली.

"कळव की. पण आधी माझ्या नावातलं ते 'काकू' काढायला सांग," त्या म्हणाल्या. "विनीता बर्वे. पूर्ण लिही म्हणावं."