पातेलं रिकामं द्यायचं नसतं

चैत्रालीला जन्मात कुणाला तोंडावर नाही म्हणता आलं नाही. भीड ही भिकेची बहीण, असं तिची आई साताऱ्याहून दर रविवारी फोनवर बजावायची, पण ऐकतंय कोण! सोलर पॅनल विकणारा दारात आला की आधी त्याला पाणी, मग चहा, आणि मग नवऱ्याने, म्हणजे सत्यजितने, येऊन त्याला वाटेला लावायचं, हा ठरलेला क्रम. सत्यजित तेलाच्या कंपनीत इंजिनियर, दोन आठवडे समुद्रातल्या रिगवर आणि दोन आठवडे घरी. तो नसला की चैत्रालीच्या भिडेला काही धरबंधच राहायचा नाही.

अमेरिकेत शुगर लँडला घर घेतलं त्या पहिल्याच शुक्रवारी, दुपारी चारला, शेजारच्या तस्नीम आपा हातात गरम पातेलं घेऊन दारात उभ्या राहिल्या. आपा मूळच्या कराचीच्या, सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या. मुलगा फराज शिकागोला असायचा. पातेल्यात खिमा-भात होता. "बच्ची के लिए है, मिर्ची नहीं डाली," आपा म्हणाल्या. आता चैत्रालीचं घर असं, की केकसुद्धा अंडं नाही ना हे दोनदा विचारून आणणारं. एकच वाक्य बोलायचं होतं, आम्ही हे खात नाही. पण आपांच्या कपाळावर घाम होता, हात पातेल्याच्या वजनाने थरथरत होते, आणि चैत्राली म्हणाली, "अरे वा, आपा! थँक यू."

झालं. पुढे दोन वर्षं दर शुक्रवारी चारला पातेलं येऊ लागलं. दर शुक्रवारी आपांची पाठ वळली की चैत्राली ते घेऊन गॅरेजमध्ये जायची, श्वास रोखून सगळं काळ्या कचऱ्याच्या पिशवीत उपडं करायची आणि वर दुहेरी गाठ मारायची. अन्न हे पूर्णब्रह्म म्हणत लहानाची मोठी झालेली बाई! दर वेळी तिला रडू यायचं आणि दर वेळी ती ठरवायची, पुढच्या शुक्रवारी सांगून टाकू. सत्यजित म्हणायचा, यार, एकदा सांगून मोकळी हो ना. पण जितके शुक्रवार गेले तितकं सांगणं अवघड होत गेलं.

पातेलं मात्र ती कधी रिकामं परत देत नसे. ते आपल्यात चालतच नाही. शनिवारी सकाळी घासून पुसून त्यात शिरा, कधी मुगाची खिचडी, कधी दडपे पोहे भरून ती कुंपणापलीकडे नेऊन द्यायची. जाड बुडाचं ॲल्युमिनियमचं पातेलं होतं ते, झाकणाला एका बाजूला पोचा पडलेला. आपा झाकण उघडून वास घ्यायच्या आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवायच्या.

आणि इला? चैत्रालीची सहा वर्षांची इला शाळेच्या बसमधून उतरली की आई ऑफिसच्या कामातून मोकळी होईपर्यंत आपांकडेच असायची. ती तिथे काय खाते, हे चैत्रालीने कधी विचारलं नाही. डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं की बऱ्याच गोष्टी सोप्या होतात. पण इला शुक्रवारच्या जेवणाला 'फ्रायडे राइस' म्हणते आणि त्या रात्री घरी भुकेली नसते, एवढं तिला ठाऊक होतं.

ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी नेहमीसारखं पातेलं आलं. त्या आठवड्यात ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरचं रिलीज होतं, सत्यजित रिगवर होता. शनिवारी तिच्याकडून काही करून झालं नाही. रविवारी मराठी मंडळाचा कार्यक्रम. रिकामं पातेलं कसं द्यायचं, म्हणून तिने ते दिलंच नाही. सोमवारी सवडीने चांगलासा शिरा करू, असं म्हणाली आणि सोमवारीही राहिलं. मंगळवारी सकाळी शेजारी ॲम्ब्युलन्स आली, तीही सायरन न वाजवता.

फराज आला, दफन झालं. जाण्याआधी तो चैत्रालीचे आभार मानायला आला आणि बोलता बोलता त्याने सहज सांगितलं. आपांना डॉक्टरांनी मटण बंद केल्याला तीन वर्षं झाली होती. स्वतःपुरतं रांधायचा त्यांना कंटाळा. अम्मी फोनवर म्हणायची, शेजारची बेटी जे पाठवते त्यावर माझे तीन दिवस जातात. त्या सापडल्या तेव्हा टेबलावर एक ताटली आणि एक चमचा मांडलेला होता, फ्रिजमध्ये मात्र काहीच नव्हतं. फराजने एकदा हेही विचारलं की अम्मीचं एक जुनं पातेलं दिसत नाही, तुम्ही पाहिलंत का? पातेलं तेव्हा चैत्रालीच्या गॅरेजमध्ये, रंगाच्या डब्यांमागे होतं. ती नाही म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तोंडावर नाही म्हणाली, ते असं.

त्या मंगळवारपासून इलाने जेवण सोडलं. हट्ट नाही, रडणं नाही. ताट समोर आलं की ती शांतपणे हात मांडीवर ठेवायची. दूध, दोन बिस्किटं, बस. तपासण्या झाल्या, सगळं नॉर्मल. पाच आठवड्यांत पोरीच्या फासळ्या मोजता येऊ लागल्या. डॉक्टरीणबाईंनी शेवटी स्पष्ट सांगितलं, सोमवारी वजन आणखी उतरलेलं दिसलं तर ॲडमिट करायचं आणि नाकातून नळी घालायची. हे सांगितलं गुरुवारी. सत्यजितला यायला मंगळवार उजाडणार होता.

शुक्रवारी दुपारी चैत्राली भांडी आवरत होती. बाहेर सप्टेंबर संपत आला तरी ऊन मरत नव्हतं. चार वाजले आणि तिला वास आला. तुपात तळल्या जाणाऱ्या कांद्याचा, मग लवंगेचा, मग मोठ्या वेलचीचा. इला खिडकीला नाक लावून उभी होती.

"शी इज कुकिंग," ती म्हणाली.

इथून तिथून कुणाच्या तरी घरचा वास असेल, असं म्हणत ती चपला घालून बाहेर गेली. आपांच्या अंगणात विक्रीची पाटी होती. ती मागच्या बाजूने गेली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत पाहिलं. ओटा मोकळा. शेगडी होती तिथे भिंतीवर नुसता चौकोनी डाग, खाली गॅसच्या नळीला बूच. घरात सामान म्हणून काही नव्हतं. पण भिंतीतून बाहेर निघणाऱ्या चिमणीच्या झडपेपाशी तिने हात नेला तेव्हा हवा गरम, ओलसर होती, आणि झडप हळूहळू उघडझाप करत होती.

ती घरी पळाली. दार लावून घेतलं. त्या भीतीतही तिला एक गोष्ट लख्ख कळली. पोरगी ज्याची वाट बघत्येय ते तिला मिळायलाच हवं, मग ते आपल्या हाताने का असेना. तिने इलाला गाडीत बसवलं आणि थेट हलाल मटणाच्या दुकानात जाऊन उभी राहिली. काउंटरमागच्या माणसाने किती, म्हणून विचारलं तर तिला अंदाजही सांगता येईना. शेवटी बकऱ्याचा एक पाउंड खिमा घेऊन ती परतली. दुकानातून गाडीपर्यंत आणि गाडीतून घरात, पिशवी तिने दोन बोटांत धरून नेली होती.

गॅरेजमधून पातेलं काढलं. कांदे चिरले, तांदूळ भिजवले. कृती कुणाला माहीत होती! फोनवर शोधावी म्हणून तिने हात पुसले तोच ओट्यापलीकडच्या उंच स्टुलावर बसलेली इला म्हणाली, "प्याज़ और लाल होने दो, बेटा."

चैत्रालीने मान वर केली. इलाला मराठी कळायची, बोलायची ती इंग्रजी. हिंदी तर येतच नव्हती. पोर खिडकीकडे बघत होती, आवाज तिचाच होता, चेहरा तिचाच. आपांकडे ऐकलं असेल रोज, चैत्रालीने मनाला बजावलं. मुलं सगळं टिपत असतात. तिने कांदा आणखी लाल होऊ दिला.

मग आलं-लसूण. मग खिमा. तो कढईबिढईत नाही, पातेल्यातच परतायचा, असं इलाने सांगितलं. चैत्राली तोंडाने श्वास घेत परतत राहिली. टोमॅटो, दोन चमचे दही, मूठभर मटार, मिरची अजिबात नाही. तांदूळ घातले, पाणी घातलं. आँच धीमी, इला म्हणाली. झाकणाखाली ओलं फडकं, पोचा आपल्याकडे. प्रत्येक गोष्ट ती क्षणभर थांबून सांगत होती, कुणीतरी आधी तिला सांगावं आणि मग तिने पुढे सांगावं तशी.

भात झाला. चैत्रालीने ताटलीत वाढला. इलाने चमचा उचलला आणि पाच आठवड्यांनी पहिला घास तोंडात घातला. चैत्रालीच्या जिवात जीव आला, पण क्षणभरच. इलाने चमचा खाली ठेवला. हात पुन्हा मांडीवर.

"नमक नहीं है," ती म्हणाली.

खरंच. घाबरण्याच्या नादात मीठ राहिलं होतं. चाखून पाहिलं असतं तर कळलं असतं, पण चाखणार कोण! चैत्राली घाईघाईने मिठाचा डबा घेऊन आली तर इलाने पातेल्यावर आपला चिमुकला हात आडवा धरला. मग ती इंग्रजीत बोलू लागली, अगदी नेहमीच्या आवाजात, शाळेतली गंमत सांगावी तशी. आपा म्हणतायत, रांधणाऱ्याने चाखायचं असतं. आपा म्हणतायत, तू एकदाही चाखलं नाहीस. गॅरेजच्या खिडकीतून त्यांना काळी पिशवी दिसायची. पहिल्या दिवसापासून.

चैत्रालीच्या हातातला डबा ओट्यावर आपटला. पिशवीचं तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. सत्यजितलासुद्धा नाही. ती ते साफसफाईला येणाऱ्या बाईला देते, असा त्याचा समज असावा असं तिला वाटायचं.

"मग का पाठवत होत्या?" तिने विचारलं. पोरीला विचारलं, की खिडकीला, तिचं तिलाच कळलं नाही.

इलाने थोडा वेळ ऐकल्यासारखं केलं. "सो द पॉट वुड कम बॅक," ती म्हणाली.

चैत्राली मटकन स्टुलावर बसली आणि रडली. तोंड लपवून नव्हे, मोठ्याने रडली. दोन वर्षं ती म्हातारी आपलं अन्न कचऱ्यात जाताना बघत होती आणि तरी दर शुक्रवारी पातेल्याचं वजन पेलत दारात येत होती, शनिवारच्या दोन घासांसाठी. आणि शेवटच्या शनिवारी ताटली मांडून बसली होती. मागितलं मात्र कधी नाही. भीड काय एकट्या चैत्रालीलाच होती?

तिने चमचा घेतला, डोळे मिटले आणि चाखलं. ओकारी येईल वाटलं होतं, आली नाही. अळणी होतं, एवढंच. तिने कोमट पाण्यात मीठ विरघळवून शिंपडलं, झाकण लावलं, दहा मिनिटांनी पुन्हा चाखलं आणि मग इलापुढे ताटली ठेवली. इला जेवली. मग पुन्हा मागून घेतलं आणि तेही जेवली. बोटंसुद्धा चाटली.

उरलेला सगळा भात पातेल्यात होता. ऊन कलायच्या आत चैत्राली ते घेऊन आपांच्या मागच्या दाराशी गेली आणि पायरीवर ठेवलं. काही बोलायला हवं होतं. हिंदीत सुचलं नाही, मराठीतच म्हणाली, "आपा, उशीर झाला. पातेलं आणलंय."

झडप एकदा हलली आणि थांबली.

शनिवारी सकाळी पायरी मोकळी होती. घर विकणाऱ्या एजंटने उचललं असेल, नाहीतर रात्री कचरा उपसत हिंडणाऱ्या एखाद्या रॅकूनने ओढून नेलं असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. सोमवारी इलाचं वजन पाऊण पाउंडाने वाढलेलं निघालं. डॉक्टरीणबाई हसल्या, नळीचा विषय मिटला. मंगळवारी सत्यजित आला, त्याला तिने पिशवीपासून सगळं सांगितलं. तो ऐकून घेऊन म्हणाला की तू फार दमली आहेस. इला आता घरचं वरण-भातही खात होती. वास पुन्हा आला नाही. तो आठवडा सुखात गेला.

शुक्रवारी चार वाजता दारावर थाप पडली. सत्यजित बाजारात गेला होता. चैत्रालीने दार उघडलं तर अंगणात कुणी नव्हतं, रस्त्यावर नव्हतं. उंबऱ्याशी पातेलं होतं. पोचा तिच्याकडे, झाकणाखाली ओलं फडकं, आणि हात लावला तर चटका बसला.

इला चमचा घेऊन मागे येऊन उभी राहिली होती.

नाही म्हणायचं असतं तर आता म्हणायला हवं होतं. चैत्राली बराच वेळ दारात उभी राहिली. शेजारच्या रिकाम्या घराकडे पाहिलं. मग तिने पातेलं दोन्ही हातांनी उचलून आत आणलं, ओट्यावर ठेवलं, झाकण काढलं. पोरीला देण्याआधी स्वतः एक घास घेतला.

मीठ बरोबर होतं.

तिने इलाला वाढलं, पातेलं रिकामं करून घासलं, पुसलं, आणि उद्यासाठी रवा भाजायला घेतला.