आर म्हणजे रिसीव्ड

आमच्या वाडीत कुणाच्याही घरी इंग्रजी कागद आला की त्याचा फोटो माझ्या मोबाइलवर येतो. लाइटबिल, बँकेची नोटीस, सोनाबाईच्या डोळ्याच्या ऑपरेशनचा कागद, सगळं. पोलादपूरच्या वर चाळीस घरांची वाडी, निम्मी माणसं मुंबईला. त्यात बारावीपर्यंत गेलेला मी एकटा. बारावी नापास, पण ते कोण विचारतो? भांडुपला एका कुरिअरच्या गोडाऊनात कामाला आहे, गळ्यात फोटोवालं कार्ड असतं, म्हणून वाडी मला सायब म्हणते. सायब व्हायला मी कधी नको म्हटलं नाही. निम्मे कागद मला कळायचे, निम्मे मी ठोकून द्यायचो. चाललं. लाइटबिल चुकीचं वाचल्यानं कुणी मरत नाही.

आवडी माझी थोरली बहीण. मला सांभाळायला तिनं चौथीत शाळा सोडली. लग्न वाडीतच झालं, चांगूभावजींशी. तिच्या घरात माझा बारावीचा ग्रुप फोटो गणपतीच्या वरती लावलाय. निकाल तिला माहीत आहे, तरी लावलाय.

वाडीखाली ओढ्याला लागून कोंबड्यांच्या शेड आहेत. ताई तिथं कामाला. खाद्य घालायचं, पाणी भरायचं आणि पाण्यात पावडर मिसळायची. ही पावडर म्हणजे माणसाच्या जखमेत पू झाला की डॉक्टर जे औषध देतो त्याचंच भावंड. कोंबडी आजारी असो नसो, पावडर रोज. मरू नयेत, वजन भरावं म्हणून. तरी मरायच्या. मेलेल्या गोणीत भरून ताई ओढ्याकाठच्या खड्ड्यात टाकायची. शेठ म्हणायचा, खड्ड्यावर माती टाका. माती टाकायला माणूस मात्र कधी दिला नाही. त्या खड्ड्यावर सात-आठ कुत्री पोसली. तुकतुकीत, माजलेली.

मार्चच्या सुरुवातीला त्यातलं एक तिला चावलं. गोणी उलटी करताना झेपावलं, उजव्या हाताच्या अंगठ्याच्या मुळाशी दोन दात खोल गेले. ताईनं पदर फाडून बांधला, गोणी रिकामी केली, दुसऱ्या शेडचं पाणी भरलं आणि मग घरी गेली.

कुत्रं चावलं की आमच्याकडं भीती एकच, माणूस भुंकून मरतो. त्यामुळं सुईला कुणी टाळाटाळ करत नाही. भावजींनी त्याच संध्याकाळी पोलादपूरला नेलं. जखम धुतली, सुई दिली, पुढच्या सुयांच्या तारखा दिल्या, पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. तारखा भावजींनी भिंतीवर कोळशानं लिहिल्या आणि एकही चुकवली नाही. गोळ्या ताईनं दोन दिवस घेतल्या. पोटात जळजळ व्हायला लागली, हातही जरा बरा वाटला, म्हणून उरलेल्या ठेवून दिल्या. जखमेवर शेडमधली पावडर दाबली.

"अगो, ती कोंबड्यांची!" भावजी म्हणाले.

"मग? कोंबड्या माझ्यापेक्षा महाग हायत. त्यांना चालते तं मला नाय चालत?"

हे तिनं मला फोनवर हसत सांगितलं. मीही हसलो.

सहाव्या दिवशी हात मनगटापर्यंत सुजला. भावजी तिला महाडला डॉक्टर चारुशीलांच्या दवाखान्यात घेऊन गेले. त्यांनी जखम उघडली, पू काढला, थोडा तपासायला बाहेरगावी पाठवला. भावजींकडं बटणाचा फोन, म्हणून रिपोर्टसाठी नंबर माझा दिला. "रिपोर्ट आला की त्याच दिवशी मला दाखवा," डॉक्टर म्हणाल्या. ते वाक्य भावजींनी मला जसंच्या तसं सांगितलं. म्हणजे मला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही.

तीन दिवसांनी रिपोर्ट आला. मी गोडाऊनात होतो. एका पानावर औषधांची बारा नावं आणि प्रत्येकासमोर एक अक्षर. दहा ठिकाणी आर, खालच्या दोन ठिकाणी एस. बाकी सगळं इंग्रजी इतकं बारीक की वाचायला गेलो तरी कळलं नसतं.

आता आमच्या गोडाऊनाचं ऐका. गाडी आली की आम्ही यादी घेऊन उभे राहतो. पेटी बरोबर पोचली की तिच्यासमोर आर. आर म्हणजे रिसीव्ड. माल कमी भरला की एस. एस म्हणजे शॉर्ट. सात वर्षं मी हेच करतोय, दिवसाला हजारभर वेळा. यादीत आर दिसला की माझा जीव भांड्यात पडतो. एस दिसला की सुपरवायझरच्या शिव्या.

त्या कागदावर दहा आर बघून मला बरं वाटलं. दहा औषधं बरोबर, दोन कमी पडतात. सोपं होतं.

मी भावजींना फोन लावला. "रिपोर्ट चांगला हाय. दहा औषधं चालतायत."

"मग डॉक्टरनीला दाखवूया ना? त्या बोलल्या होत्या."

"त्या काय वेगळं सांगणार हायत? मी वाचलाय ना! उद्या औषधं पाठवतो. हात घेऊन कशाला एसटीत धक्के खायला लावता तिला?"

मागून ताईचा आवाज आला. "अक्षानं वाचलंय ना? मग बास."

मी आर असलेल्यांपैकी तीन नावं चिठ्ठीवर उतरवली. सगळ्यात लांब नावं निवडली, लांब नाव म्हणजे भारी औषध. मेडिकलवाल्याला फक्त चिठ्ठी दिली. रिपोर्ट दाखवला असता तर त्यानं कदाचित विचारलं असतं. पण मी दाखवला नाही आणि त्यानं डॉक्टरचा कागद मागितला नाही. तीन पाकिटं काउंटरवर टाकली. बिडी-काडी घेतो तशी मी ती घेतली. वाडीचा हृतिक महाड लाइनीच्या ट्रॅव्हल्सवर ड्रायव्हर आहे. त्याच्या हाती पाकीट दिलं. दुसऱ्या दिवशी भावजींचा फोन आला, "पोचला तुझा माल."

ताईनं यातली एकही गोळी चुकवली नाही. जळजळ झाली तरी. भावानं पाठवल्या होत्या.

दोन दिवसांनी ताप चढला. मी म्हटलं, औषध लागू पडायला वेळ लागतो. तिसऱ्या दिवशी भावजी तिला सवच्या गरम पाण्याच्या झऱ्यावर घेऊन गेले. त्यात बुडवून हात हलका होईल असं सासूनं सांगितलं होतं. चौथ्या दिवशी भावजींचा आवाजच बदललेला.

"अक्षय, बोटं काळी पडलीत रे. वास येतोय. मी महाडला घेऊन चाललोय, तू ये."

मी पोचलो ती वीस मार्चची सकाळ. चवदार तळ्याला आलेल्या माणसांनी महाड भरलेलं. गाडी गावाबाहेरच थांबली. पोरंबाळं खांद्यावर घेऊन बायामाणसं चालत होती, मीही त्यांच्यातून चाललो. "एवढा घामाघूम का रे बाबा?" म्हणत एका म्हातारीनं बाटली पुढं केली. "बहीण दवाखान्यात हाय," म्हटलं. तिनं पुढच्या माणसांना ओरडून मला वाट करून दिली.

ताई खाटेवर होती. उजवा हात उशीवर ठेवलेला. तो हात आहे हे मला आधी कळलं नाही. दंडापर्यंत फुगलेला, कातडी चकाकत होती, बोटं कोळशासारखी.

"आलास? जेवलास काय?" ती म्हणाली.

डॉक्टर चारुशीला गोळ्यांची रिकामी पाकिटं हातात घेऊन उभ्या होत्या. "या गोळ्या कुणी दिल्या?"

भावजींनी माझ्याकडं बघितलं. ते तोंड उघडायच्या आत ताई बोलली. "मेडिकलवाल्यानं."

"कुठल्या?"

"नाव नाय ठाव. तापात होते मी."

"आणि रिपोर्ट? अजून आलाच नाही?"

"नाय आला," ताईच म्हणाली.

मी तिच्या तोंडाकडं बघत होतो आणि ती माझ्याकडं अजिबात बघत नव्हती.

डॉक्टरांनी तिथंच लॅबला फोन लावला. पाच मिनिटांत कागद त्यांच्या मोबाइलवर आला. तारीख बघून त्या खुर्चीत बसल्या. "सात दिवस झाले," त्या म्हणाल्या. "मी स्वतः विचारायला हवं होतं. नाही विचारलं." मग भावजींना मोबाइल दाखवून सांगायला लागल्या. "हे बघा. आर म्हणजे रेझिस्टंट. म्हणजे हे औषध या जंतूंवर चालत नाही. एस म्हणजे चालतं. बारातली दोनच चालणारी होती, तीही सलाइनमधून द्यायची. ह्यांनी खाल्ल्या त्या तिन्ही न चालणाऱ्या."

"पर ह्यो जंतू असा कसा?" भावजी म्हणाले. "साधं कुत्रं तं होतं."

"कुत्रं काय खातं?"

"शेडच्या मेलेल्या कोंबड्या."

"आणि कोंबड्या काय पितात?"

भावजी ताईकडं बघायला लागले. ताईनं डोळे मिटले. रोज सकाळी ती तिच्या हातानं ती पावडर ढवळत होती. जंतू त्या औषधात वाढले, औषध पिऊन निबर झाले, कोंबडीतून कुत्र्याच्या दातात आले आणि तिच्याच हातात परत शिरले. शेठला यातलं काही चावलं नाही. शेठ वजनावर कोंबडी विकतो.

आणि एक अक्षर. साला एक अक्षर! ज्या बाईचा पू तपासलात ती चौथी शिकलेली, तिच्या नवऱ्याला सही करता येत नाही आणि तुम्ही इंग्रजीत एक अक्षर लिहून मोकळे होता? 'चालत नाही' एवढं मराठीत लिहायला किती शाई लागली असती? हे मी तेव्हा बोललो नाही. तोंड कुठल्या तोंडानं उघडणार होतो?

"हात ठेवता येणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "विष वर चढतंय. सर्जन तासाभरात येतील. कोपराच्या वरून काढावा लागेल. उशीर केला तर बाई हाताला लागणार नाही."

राजेश म्हणून तिथला क्लार्क फॉर्म घेऊन आला. दोन पानं, इंग्रजी. भावजींनी तो घेतला आणि सवयीनं माझ्यापुढं धरला. "वाच रे."

पानावर अक्षरं होती. दोन-चार शब्द ओळखीचे. वाडी माझ्याकडं बघते तसे भावजी बघत होते.

"मला नाय येत," मी म्हटलं.

"काय नाय येत?"

"वाचायला. इंग्रजी कळत नाय मला. रिपोर्ट मला आला होता. मलाच. गोळ्या मी पाठवल्या. आर म्हणजे बरोबर असं मला वाटलं. डॉक्टरला दाखवू नका असं मीच बोललो."

"गप रे अक्षा," ताई खाटेवरून म्हणाली. "काय पण बोलतोस."

भावजींनी मला मारायला हात उचलला नाही. शिवी दिली नाही. ते बाहेर गेले आणि पायरीवर बसले. डॉक्टरांनी माझ्याकडं एकदा बघितलं, फॉर्म घेतला आणि ओळीओळीचा अर्थ ताईला मराठीत सांगितला. ताई प्रत्येक ओळीला "बरं" म्हणत होती. पुन्हा भाकरी थापता येईल का, एवढं तिनं विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, एका हातानं शिकतात बायका. ताई म्हणाली, "बरं."

सही तिला येते. पण सहीचा हात उशीवर काळा पडलेला. राजेशनं शाईचं पॅड काढलं, खाटेभोवती फेरी मारली आणि थबकला.

"मॅडम, बाईमाणसाचा उजवा अंगठा घ्यायचा असतो."

"डावा घ्या," डॉक्टर म्हणाल्या.

"मग बाजूला कारण लिहावं लागेल."

"राजेश, डावा घे!"

ताईचा डावा हात मी धरला. तापानं भाजत होता. अंगठा पॅडवर दाबला, मग कागदावर ठेवून एका कडेवरून दुसऱ्या कडेवर फिरवला, लाडक्या बहिणीच्या फॉर्मला वाडीतल्या बायांचे घेतले होते तसा. तिनं मान उचलायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

"बघ रे नीट उमटलाय काय," ती म्हणाली. "तुला कळतं त्यातलं."