घरचीच बाळंतीण

मी देवपूरच्या गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर होतो. चुडामण टांगेवाला त्याच्या हिरणी घोडीला घेऊन आला, तो अठ्ठ्याऐंशीचा मार्च असावा. रिक्षांमुळे टांगा बसला होता. हिरणी तेवढी लग्नाच्या वरातींवर घर चालवायची, आणि आता तिचेच पुढचे गुडघे आखडले होते.

डॉक्टरांनी सांध्यांची पावडर लिहून दिली. महिन्याचा डबा चाऱ्याहून महाग पडत होता.

"यादवभाऊ, इतलं महाग मी कथाईन आनू? स्वस्त काय शे?"

आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, घोडी वरातीला चालली नाही, तर अभिमन दलाल तिला नेणार, असं ठरलं होतं. अभिमनने नेलेलं म्हातारं जनावर पुन्हा कुणाला दिसत नसे. मी म्हटलं, "मेथी, थोडा डिंक आणि जवस, पण जवस उकडून. बायकांच्या कमरेला चालतं, लाडू वळून घोडीला देऊन बघ. खात्री देत नाही." बिघडणार काही नाही, असं डॉक्टरही म्हणाले.

चुडामण किराणा दुकानात गेला. डिंक, मेथी ऐकताच दुकानदाराने विचारलं, "कोन बायतीन शे, चुडामणभाऊ?" घोडीला लाडू म्हटलं तर लोक हसतील, म्हणून हा शहाणा म्हणाला, "घरनीच शे."

झालं. संध्याकाळी शेजारची भागाबाई नवं टोपरं घेऊन दारात हजर. पाहुणी भाची वगैरे बाळंत झाली असेल, असा तिचा समज. चुडामण आणि झुंबरबाईच्या लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती आणि त्या घरात कधी पाळणा हलला नव्हता. हे कळलं तेव्हा मला चुडामणचा रागच आला. एक शब्द खरा बोलला असता तर काय झिजलं असतं?

झुंबरबाईने मात्र टोपरं परत केलं नाही. ट्रंकेत ठेवलं, कंबर बांधली आणि लाडू वळायला बसली. जन्मात पहिल्यांदा. पुढे रोज सकाळी एक लाडू ती स्वतःच्या हाताने हिरणीला भरवायची, अंगावर गोधडी टाकायची, वाऱ्याला उभी राहू द्यायची नाही.

गुण किती आला? खरं सांगायचं तर थोडाच. घोडी सकाळी बिनकुरकुर उठायला लागली, पाणी प्यायला हौदापर्यंत जायची. पाठीवर नवरदेव घेणं तिच्याच्याने होणार नव्हतं. मी तसं स्पष्ट सांगितलं. चुडामणने मान हलवली.

आखाजीच्या दिवशी अभिमन दोर घेऊन आला. गल्लीत झोके बांधलेले होते, सासरहून आलेल्या मुली गाणी म्हणत होत्या. चुडामण खाली बघत उभा राहिला. मीही मुद्दाम गेलो होतो.

झुंबरबाई घोडीच्या आणि दोराच्या मध्ये येऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही.

"आखाजीले पोर माहेरले येस, अभिमनभाऊ. तिले कोन इकस?"

अभिमनची स्वतःची मुलगी कालच घरी आली होती. त्याने दोर गुंडाळला आणि तो चालता झाला.

थोड्या वेळाने चुडामणने मला हळूच विचारलं, "लाडू आजून कितला दिन देवाना?"

मी म्हटलं, "बाळंतिणीला देतात तितके. मग पुन्हा पहिल्यापासून."